नमुन्याचे दहा कागद

हवालदार ठोंबरे मोटारसायकल घेऊन ठाकूरवाडीत आले, तेव्हा नवनाथ निरगुडे अंगणात एका टेंपोचं मागचं फळकूट मांडीवर घेऊन त्यावर ‘बघतोस काय, हॉर्न दे’ लिहीत बसला होता. कर्जतजवळच्या कोंडाणे गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या त्या वाडीत खाकी कपडे दिसले की अर्धी माणसं रानाची वाट धरतात आणि उरलेली अर्धी कोणाला नेतात ते बघायला जमतात. पण ठोंबऱ्यांनी कोणालाच धरलं नाही. ते त्या ओल्या अक्षरांकडे बघत राहिले आणि म्हणाले, “पेंटर, अक्षर लई भारी हाय तुझं. चौकीत चल जरा, तुझ्या अकलेचं काम हाय.”

खाकी कपड्यातल्या माणसाने निरगुड्यांच्या अकलेचा उल्लेख करावा, असं सात पिढ्यांत घडलं नव्हतं. नवनाथने रॉकेलने हात पुसले, साबणाने धुतले आणि रंगाचा डाग नसलेला एकुलता एक सदरा घातला. त्याची आई भागी चुलीपाशी बसून सगळं ऐकत होती.

“शाणपण इचारायला नेत्यात त्याला चा पाजत्यात,” ती म्हणाली. “चा नाय दिला तर गुमान परत ये रं.”

चौकीत पाऊल ठेवताच चहा आला, तोही अख्खा कप. नवनाथ निश्चिंत झाला.

प्रकरण असं होतं. डोंगराच्या पायथ्याला साळुंकी रिसॉर्ट आहे. त्याच्या मालकाच्या गाडीच्या काचेवर कोणीतरी चिठ्ठी अडकवून ठेवली होती. ‘तुझ्या कुंपणानं आमची पायवाट खाल्ली. आठ दिवसात मोकळी कर, नायतर तुझ्या गाड्या पेटतील.’ खाली नाव नव्हतं. मालक मोठ्या ओळखीपाळखीचा होता, त्यामुळे ठोंबऱ्यांना वरून फोनावर फोन येत होते. आठ दिवस होऊन गेले तरी गाड्या पेटवणारा सापडत नव्हता, कारण एकही गाडी पेटली नव्हती.

ठोंबऱ्यांनी चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि हे अक्षर कोणाचं असेल ते सांग म्हणाले. कोणाचं ते नवनाथला सांगता आलं नाही, पण कसल्या माणसाचं ते सांगण्याची खुमखुमी त्याला आवरेना. वैद्याने नाडी बघावी तसा तो त्या चिठ्ठीवर वाकला.

“साहेब, ह्यो माणूस भुईवर बसून लिवतो. कागद मांडीवर हाय, म्हणून ओळ उजवीकडं उतरली. पेन बोटांच्या सापटीत धरतो, म्हणून काना जाड हाय. आन् ‘ग’चा पाय बघा, आत वळवलाय. ही खोड मरेपर्यंत सुटत नाय.”

“तुला रं कसं कळतं एवढं?”

“धंदाच हाय साहेब आपला.”

ठोंबऱ्यांनी हे वाक्य वहीत लिहून घेतलं. पुढे कोर्टात ते मोठ्याने वाचून दाखवण्यात आलं. मग त्यांनी कोऱ्या कागदांची चळत पुढे सरकवली, चिठ्ठी समोर ठेवली आणि म्हणाले, “आता हे धा वेळा लिवून काढ. सगळ्यांचंच घेतोय आमी.” सगळ्यांचं म्हणजे कोणाकोणाचं, हे विचारण्याचं नवनाथला सुचलं नाही. अकलेची तारीफ झाली की ती जराशी सुस्तावते.

आता इथे नवनाथच्या धंद्याविषयी सांगायला हवं. बोर्ड रंगवण्याचा धंदा फ्लेक्सने बुडवला. नवनाथच्या वाट्याला राहिल्या होत्या त्या शाळेच्या भिंती आणि कुंभिवलीच्या गॅरेजांत उभे असलेले टेंपो. गिऱ्हाईक कागदाच्या चिटोऱ्यावर आपल्या हाताने मजकूर लिहून देतं. कोणाला बापाच्या हातचं नाव जसंच्या तसं हवं असतं, कोणाला पोराने पहिल्यांदा काढलेलं ‘श्री’. नवनाथच्या उस्तादाने त्याला पहिल्याच दिवशी बजावलं होतं की बाबा, आपलं अक्षर घरी ठेवून यायचं. पुढ्यात जे वळण येईल तेच हातातून निघालं पाहिजे. वीस वर्षं नवनाथने हेच केलं होतं. पुढ्यात ठेवलेला मजकूर स्वतःच्या अक्षरात लिहायचा असतो, ही कल्पनाच त्याच्या हाताला नव्हती.

तेव्हा त्याने चिठ्ठी बघितली आणि काम हाती घेतलं. पहिल्या दोन कागदांवर हात बसला नव्हता. उतार चुकला, कान्याची जाडी साधली नाही, ‘ग’ तर साफ त्याचा स्वतःचाच आला. नवनाथला लाज वाटली. असलं काम गिऱ्हाइकाला दाखवायचं नसतं. त्याने ते दोन्ही कागद फाडून टोपलीत टाकले आणि दोन कोरे मागून घेतले. तिसऱ्यापासून हात लागला. मग तो खुर्चीवरून उठून सरळ भुईवर बसला, कागद मांडीवर घेतला, पेन बोटांच्या सापटीत धरलं आणि दहा कागद असे उतरवले की मूळ चिठ्ठी त्यांत मिसळली तर निवडता येऊ नये. ठोंबरे भारावून बघत होते. त्यांनी मूळ चिठ्ठीवर पेन्सिलीने आठवणीने खूण करून ठेवली.

दहाही कागदांखाली सही करायला सांगितलं, तेव्हा मात्र नवनाथने स्वतःचं अक्षर काढलं. घराबाहेरच्या आख्ख्या जगात त्याचं स्वतःचं असं अक्षर या एकाच ठिकाणी होतं. भला मोठा ‘न’, त्याच्या पोटात बाकीचं नाव, खाली झोकात ओढलेली रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. ही सही त्याने चौथीत असताना कोळशाने पडवीच्या भिंतीवर बसवली होती. त्याचा बाप गोमा अंगठेबहाद्दर होता. रस्त्याच्या परवानगीचा कागद आहे असं सांगून कोणीतरी त्याचा अंगठा घेतला, आणि वर्षभराने कळलं की डोंगराखालची वरकस जमिनीची पट्टी गेली. आज त्या पट्टीवर साळुंकी रिसॉर्टचा पोहण्याचा तलाव आहे. गोमा त्या धसक्यानेच गेला. भिंतीवरची सही बघून भागी म्हणाली होती, “आता निरगुड्यांच्या घरात कुणी अंगठा लावायचा नाय.” ती कोळशाची सही तिने अजून सारवू दिलेली नाही.

चार महिन्यांनी हस्ताक्षरतज्ज्ञांचा अहवाल आला. दहाच्या दहा नमुने चिठ्ठीशी तंतोतंत जुळत होते. जुळणारच होते, बिचाऱ्याने जीव ओतला होता. त्यात जमिनीची जुनी गोष्ट ठोंबऱ्यांना कोणीतरी सांगितली, म्हणजे कारणही मिळालं. सल्लागार म्हणून चौकीत गेलेला नवनाथ आता आरोपी म्हणून गेला, आणि या वेळी चहा मिळाला नाही. चिठ्ठी खरी कोणी लिहिली हे शोधण्याचं मग कोणाला कारणच उरलं नाही.

जामीन त्याच दिवशी झाला. जातमुचलक्यावर नवनाथने आपली ती सही ठोकली, तेव्हा कोर्टातले कारकून सोष्टे चष्म्यावरून बघत म्हणाले, “वा. तीस वर्षांत इतकी झोकदार सही आमच्या रजिस्टरात नाही पडली हो.” त्या वाईट दिवसातलं तेवढंच एक बरं वाक्य नवनाथ घरी घेऊन आला.

वकील सरकारी मदतीतून मिळाल्या. कर्जतच्या संध्या रोकडे. त्यांनी दहा कागद बघितले, मग नवनाथकडे बघितलं.

“नवनाथभाऊ, तुम्ही घरी किराण्याची यादी कशी लिहिता? तशी लिहा बरं इथे.”

त्याने लिहिली. त्या अक्षरात आणि कागदांवरच्या अक्षरात दगड आणि लोणी इतकंही साम्य नव्हतं.

“मग चौकीत असं का लिहिलंत?”

“त्यांनी नमुना ठेवला ना पुढ्यात,” नवनाथ म्हणाला. “नमुना बघूनच लिवायचं असतं.”

संध्याताईंनी डोकं धरलं. पण हुशार बाई. त्यांनी त्याला समजेल असं सांगितलं की काळजी करू नका, पोलिसांनी चुका करून ठेवल्यात. मॅजिस्ट्रेटचा हुकूम न घेता परस्पर चौकीत नमुने घेतले. शिवाय मजकूर तोंडी सांगायचा असतो, चिठ्ठी पुढ्यात ठेवायची नसते. आणि तज्ज्ञाचं मत म्हणजे काही साक्षात पुरावा नव्हे, त्याला बाजूने आधार लागतो, आणि इथे दुसरा आधार काडीचा नाही. एवढ्यावर केस पडते. तुमच्याकडून मला एकच मदत हवी, त्या म्हणाल्या. कोर्टात तोंड उघडायचं नाही.

तारखा पडत राहिल्या. दोन वर्षांत शाळेने भिंती काढून घेतल्या, कारण सुविचार आरोपीच्या हातचे कसे चालतील. साळुंकी रिसॉर्टने पायवाटेवर आणखी एक तारेचा पदर चढवला. नवनाथ दर तारखेला जायचा, मागच्या बाकावर बसायचा आणि तोंड मिटून परत यायचा. घरी मात्र तो भागीला एकच सांगत असे, की एकदा त्या कागदावर निर्दोष लिहून आलं की माझी सही पुन्हा पहिल्यासारखी होईल.

शेवटी तज्ज्ञ साक्षीला आले. चिंचणकर साहेब, गोरेगोमटे, सोबत भिंगांची पेटी. संध्याताईंनी त्यांना सकाळच्या सत्रातच चांगलं सोललं. एकच माणूस तोच मजकूर दहा वेळा लिहितो तेव्हा दर वेळी थोडा फरक पडतो की नाही, असं विचारलं. पडतो, साहेब म्हणाले. मग या दहांत का नाही? साहेबांनी पाणी मागितलं. चिठ्ठी समोर ठेवून नमुने घेतलेत हे तुम्हाला कोणी सांगितलं होतं? नाही. लिहिणाऱ्याचं नेहमीचं, सहज लिहिलेलं अक्षर तुम्हाला पाठवलं होतं? नाही. नवनाथने पहिले दोन कागद फाडल्याचं ठोंबऱ्यांनीही आधीच कबूल केलं होतं. जज्जसाहेब मान हलवत टिपून घेत होते. केस तिथेच संपली होती, हे पट्टेवाल्यालासुद्धा कळलं असावं.

आता चिंचणकर साहेबांनी खाली उतरायचं. पण सकाळभर मार खाल्लेल्या माणसाला जाता जाता एक टोला हाणावासा वाटतोच. ते म्हणाले, “चिठ्ठी समोर होती असं गृहीत धरलं तरी फरक पडत नाही. नक्कल करणाऱ्याचा हात अडखळतो. हा हात वाहता आहे. अशी नक्कल इतकी वर्षं या कामात घालवून मलाही जमणार नाही, मग गाड्यांच्या फळ्या रंगवणाऱ्याला कुठून जमणार?”

दोन वर्षांत लोक नवनाथला बरंच काही म्हणाले होते. आगलाव्या म्हणाले, गुन्हेगार म्हणाले, बापाचा सूड काढणारा म्हणाले. ते सगळं त्याने गिळलं होतं. पण तुला काम येत नाही, असं कोणी म्हणालं नव्हतं. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. शाळेत करतात तसा त्याने हात वर केला. संध्याताईंनी मान हलवून नको म्हटलं. त्याने ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

“काय आहे?” जज्जसाहेबांनी विचारलं.

“साहेब, करून दाखवू?”

“बसा तुम्ही,” संध्याताई म्हणाल्या.

पण दुपार झाली होती, कोर्ट कंटाळलं होतं आणि जज्जसाहेबही माणूसच होते. समोर हजर असलेल्या कोणाकडूनही लिहून घेण्याचा कोर्टाला अधिकार आहे, असं ते म्हणाले आणि त्यांनी कागद द्यायला सांगितलं. नमुना म्हणून चिंचणकर साहेबांची अहवालावरची सही ठरली. नवनाथने ती अर्धा मिनिट बघितली, बोटांनी हवेत दोनदा गिरवली आणि चार चिटोऱ्यांवर चार सह्या केल्या. पाचव्यावर साहेबांनी स्वतः केली. जज्जसाहेबांनी मागे बारीक खुणा करून पाचही पिसले आणि साहेबांपुढे ठेवले. साहेबांनी भिंगाखाली एकेक चिटोरा धरला आणि बऱ्याच वेळाने एक उचलला.

“ही माझी. या शेवटच्या वळणात जी घाई आहे ना, ती दुसऱ्याला येत नाही.”

जज्जसाहेबांनी चिटोरा उलटा केला. तो नवनाथचा होता. कोर्टात हशा पिकला, ठोंबरेसुद्धा हसले. हसले नाहीत ते तिघंच. चिंचणकर साहेब, संध्याताई आणि कारकून सोष्टे. सोष्ट्यांनी जज्जसाहेबांच्या सह्यांचं रजिस्टर हळूच ओढून आपल्या कोपराखाली घेतलं होतं.

बाहेर लोकांनी नवनाथला गराडा घातला. संध्याताईंनी त्याला बाजूला घेतलं. “नवनाथभाऊ, केस सकाळीच संपली होती,” त्या म्हणाल्या. “तुम्ही ती दुपारी कशाला जिंकलीत?” नवनाथला तो विनोद वाटला. त्याने वाडीत तीन दिवस ही गोष्ट सांगितली, प्रत्येक वेळी साहेबांचा चेहरा थोडा अधिक पडत गेला.

चौथ्या दिवशी तो कुंभिवलीच्या गॅरेजात गेला. मालक दशरथने प्रेमाने बसवलं, चहा पाजला आणि टेंपोवरचा मजकूर तोंडी सांगितला. नवनाथने नेहमीप्रमाणे चिटोऱ्यासाठी हात पुढे केला, तर दशरथ म्हणाला, “लिवून कशाला पायजे? तुला काय मी परका हाय?” आणि टेबलावरचं चेकबुक त्याने सहज म्हणून गल्ल्यात टाकलं. पुढच्या गॅरेजात तेच. नमुन्यावाचून नवनाथचा हात चालेना आणि नमुना तर त्याच्या हाती कोणी देईना. मग मुलीच्या शाळेतून प्रगतिपुस्तक परत आलं, बाईंचा निरोप होता की पालकांची सही आईने करावी. त्याची बायको सुरेखा सही करून मोकळी झाली. आठवड्याने पतसंस्थेत कोणाच्या तरी अर्जावरची सही बनावट निघाली आणि ठोंबरे मोटारसायकल घेऊन वाडीत आले. बनावट सही तिथल्याच एका कारकुनाने केलेली निघाली, पण ते संध्याकाळी कळलं. तोवर नवनाथ दिवसभर चौकीत बसून होता. निकाल लागला की सगळं निवळेल, तो भागीला म्हणाला.

निकालाच्या दिवशी भागी हट्टाने सोबत आली. ती बाहेर पिंपळाखाली बसली. आत जज्जसाहेबांनी निकाल वाचला. हुकमाशिवाय आणि चिठ्ठी समोर ठेवून घेतलेल्या नमुन्यांवर विसंबता येत नाही, त्यामुळे त्यांवर बेतलेलं तज्ज्ञाचं मत निरुपयोगी ठरतं, आणि इतर पुरावा नाही. आरोपी निर्दोष. संध्याताईंनी सांगितलेलं शब्दन् शब्द तेच होतं. शेवटी एक ओळ होती, की आरोपीने न्यायालयासमोर जे लिहून दाखवलं, ते विचारात घेण्याची या निकालासाठी आवश्यकता नाही. ही ओळ ऐकताना नवनाथ खिडकीबाहेर बघत होता.

एकच काम उरलं होतं. सरकारने वरच्या कोर्टात दाद मागितलीच तर हजर राहीन, असा सहा महिन्यांचा जातमुचलका लिहून द्यायचा होता. सोष्ट्यांनी कागद पुढे केला. नवनाथने खिशातून पेन काढलं, बाही सारखी केली आणि मोठा ‘न’ काढायला हात टेकवला.

“थांबा, पेंटर,” सोष्टे म्हणाले. त्यांचा आवाज अगदी मऊ होता, माणूस वाईट नव्हता. “सही नको. उद्या तुम्हीच म्हणालात की ही माझी नाही, तर मी काय करू? तुमच्या सहीचा पुरावा आता देवसुद्धा देणार नाही.”

“पर ही माझीच हाय साहेब. तुमीच म्हणाला व्हता, झोकदार.”

“म्हणालो होतो.” त्यांनी शाईचं पॅड उघडून सरकवलं. “डावा अंगठा.”

नवनाथने संध्याताईंकडे बघितलं. त्यांनी कारकुनाशी वाद घातला. कायद्यात असं कुठे आहे ते दाखवा म्हणाल्या. सोष्टे म्हणाले की दाखवतो, पण मग आज सुटका नाही, कागद आत जज्जसाहेबांकडे जाईल आणि तारीख पडेल. तारीख हा शब्द ऐकल्यावर नवनाथने हात पुढे केला. सोष्ट्यांनी त्याचा अंगठा धरला, शाईवर डावीकडून उजवीकडे फिरवला आणि कागदावर दाबला. पेन मात्र नवनाथच्या उजव्या हातात तसंच उघडं राहिलं होतं. पुसायला चिंधी मागितली, ती नव्हती.

तो बाहेर आला तेव्हा त्याने डावा हात खिशात घातला होता. भागी उठून उभी राहिली.

“सुटलास ना रं?”

“सुटलो.”

“मंग हात का खिशात?”

त्याने हात आणखी आत खुपसला. भागीने त्याचं मनगट धरून हात बाहेर ओढला. निळा अंगठा तिने बराच वेळ बघितला. नवनाथ तो पँटीवर घासायला लागला, तशी तिने पदराचं टोक काढलं, पण पुसलं नाही, नुसतं अंगठ्याभोवती गुंडाळून दिलं.

“घासू नको,” ती म्हणाली. “दोन दिस जात नाय ती शाई. तुझ्या बापाच्या येळची म्हाईत हाय मला.”